नाताळच्या दिवशी हरिभाऊ शिफ्टला होते

हरिभाऊ, मी सर्वांत जास्त कोणाचं देणं लागतो असं कोणी विचारलं, तर मी तुमचं नाव घेईन. हरिश्चंद्र म्हात्रे. वडिलांनी केळीच्या वाड्यांत राबून मला शिकवलं, गावच्या शाळेतल्या मास्तरांनी शुद्ध लिहायला शिकवलं, आमच्या फादरांनी कॉलेजची वाट दाखवली. त्या सगळ्यांचे उपकार आहेतच. त्यांच्यामुळे मला नोकरी मिळाली. पण त्या नोकरीत राहूनही मी हसता-खेळता माणूस राहिलो, तो तुमच्यामुळे.

तुम्हाला जाऊन आठवडा झाला. खाडीकाठच्या स्मशानातून मी भुईगावला परतलो तेव्हा आईने दारातच बादलीभर पाणी काढून ठेवलं होतं. आमच्यात तशी रीत नाही. "ते त्यांच्याकडचे होते, आज त्यांच्याप्रमाणे कर," ती म्हणाली. मी अंघोळ केली, जेवलो, आणि मला शांत झोप लागली. दुसऱ्या दिवशी त्या झोपेचं माझं मलाच नवल वाटलं. रडू आलं नाही असं नाही. पण रडण्याच्या खाली कुठेतरी मोठं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. हे दुसऱ्या कोणाला सांगितलं तर वेडगळ वाटेल. म्हणून तुम्हालाच सांगतो.

सातिवलीच्या त्या कारखान्यात मी लागलो तेव्हा तिकडे शेड कमी आणि गवत जास्त होतं. कापडाच्या रंगाला लागणारी पावडर आपण करायचो. केटलमध्ये, म्हणजे माल शिजवायच्या मोठ्या भांड्यात, एकदा माल चढवला की तो उतरेपर्यंत जवळ जबाबदार माणूस हवा. असे जबाबदार दोनच, तुम्ही आणि मी. एकजण दिवसा, एकजण रात्री, आणि शिफ्ट बदलताना दोघांचा एकत्र चहा. एकाने रजा घेतली की दुसऱ्याने दोन्ही शिफ्ट ओढायच्या. शेठने पहिल्याच दिवशी मला सांगून टाकलं होतं, "लोपीस, केटलला रविवार समजत नाय, दिवाळी समजत नाय, तुमचा नाताळ पण समजत नाय."

आमच्या घरात पहिला ग्रॅज्युएट मी. तुम्ही मॅट्रिक होऊन कारखान्यात लागलेले, माझ्याहून कितीतरी आधी. मला वाटलं होतं तुम्ही माझ्यावर खार खाल. तुम्ही फक्त नाव ठेवलंत. "काय रे बीएस्शी" ही तुमची हाक. पुढे कामगारही मला तीच हाक मारू लागले, आणि गेटवरच्या वॉचमनने तर माझं खरं नाव शेवटपर्यंत शिकून घेतलं नाही.

मी गावच्या बाजात क्लॅरिनेट वाजवतो हे तुम्हाला कळलं ते त्या पहिल्या डिसेंबरात. मी तेव्हा बाजा सोडायच्या बेतात होतो. आमच्याकडे लग्नं सुरू होतात ती नाताळ झाला की, आणि राखेच्या बुधवारी उपवासकाळ लागला की बंद होतात. मधल्या त्या थोड्या दिवसांत गावात दिवसाआड मांडव पडतो. शिवाय नाताळच्या दिवशी चर्चमधली मिस्सा सुटली की बाजा आळीआळीतून फिरतो, तो संध्याकाळपर्यंत. नोकरदार माणसाला हे कसं जमायचं? वडील म्हणत, "बीएस्सी कशाला झालास, पोंगा फुंकायला?" बाजातले म्हणत, "नोकरी लागली, आता हा कसला येतोय." दोन्हीकडून एकच सल्ला, एक काहीतरी सोड.

तुम्ही चहा बशीत ओतत होतात. मी म्हणालो, "हरिभाऊ, बाजा सोडायचं ठरवलंय."

"का रे? दात पडलं काय?"

"वेळ नाही. नाताळला रजा कोण देणार?"

"मी देतो. तू जा. दोनी शिफ्टा मी करतो."

"नको, तुम्हाला त्रास कशाला?"

"तरास तर होनारच. गनपतीला तू करशील, मग तुलाबी होईल." मग बशी तोंडाला लावून म्हणालात, "बाजा सोडलास तर तू माज्याशी बोलशील काय? केटलचं टेंपरेचर? ते मला दिसतंय की."

एवढंच. कुठे लिहिलं नाही, शेठला विचारलं नाही. त्या दिवसापासून नाताळ माझा, गणपती तुमचे. शिमगा तुमचा, आमच्या गावचा सण माझा. लग्नाच्या दिवसांत तुम्ही शिफ्टला लवकर यायचात आणि मी सायकल हाणत सुटायचो. एकदा उशीर झाला म्हणून मी लग्नातून थेट कामावर आलो, अंगात बाजाचा पोशाख, खांद्यावर सोनेरी झालर, आणि तसाच केटलवर चढून काटा वाचत होतो. नेमके शेठ आले. खालून वर बघत राहिले.

"म्हात्रे, आपल्या कारखान्यात लगीन आहे काय?"

"हाय ना शेठ," तुम्ही म्हणालात. "केटलचं लावून देतोय. पोरगा बघा कसा, बीएस्शी हाय."

शेठ हसले. बॅच चांगली उतरली होती म्हणून हसले, हे आपल्या दोघांनाही माहीत होतं. तुम्ही मला नंतर बजावलंत की माल कधी बिघडू द्यायचा नाही, बिघडला त्या दिवशी कोणी हसणार नाही. तेव्हापासून मी काम असं केलं की बाजाला कोणी नाव ठेवू नये. आणि वाजवलंही असं की नोकरीला कोणी नाव ठेवू नये. बाजातले इनास बाप्पा, आमचे म्होरके, फार कोणाची स्तुती करत नसत. पण सूर चुकला तर ते मला म्हणत, "काय रे, आज शिफ्ट नीट झाली नाही का?"

या सगळ्यात एक गोष्ट मला सलायची. आपली व्यवस्थाच अशी होती की आपण दोघं कधी एका सणाला एकत्र असूच शकत नव्हतो. मी वाजवत असे तेव्हा तुम्ही केटलपाशी, तुमच्या घरी आरती चालू असे तेव्हा मी केटलपाशी. ज्या माणसामुळे मी वाजवत होतो त्याने मला वाजवताना कधी ऐकलंच नव्हतं. नाताळ झाला की पहिल्या चहाला तुम्ही विचारायचात, "कसा झाला बाजा?" आणि मी सांगायचो. कोण नाचलं, कोणाची टोपी विहिरीत पडली, ढोलवाला कुठे चुकला. तुम्ही पोट धरून हसायचात. पण सांगितलेला बाजा तो. जेवणाची नुसती वर्णनं ऐकवावीत तसं मला व्हायचं.

म्हणून सुनंदाचं, तुमच्या मुलीचं, लग्न ठरतंय असं कळल्यावर मी उडी मारून म्हणालो, "बाजा आमचा. तारीख कोणतीही काढा."

तुम्ही तारीख काढलीत. फाल्गुनातला चांगला मुहूर्त. पत्रिका आधी मला आणून दिलीत, हळदीकुंकू लावलेली. मी तारीख वाचली आणि पुन्हा वाचली. त्याच्या आदल्या आठवड्यात राखेचा बुधवार होता.

इनास बाप्पांकडे गेलो तेव्हा त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "कपाळाला राख लावली की वाद्यं पेटीत. पेटी उघडायची ती ईस्टरला. पन्नास वर्षं मी हेच केलंय, पास्कल. तुझ्या हरिभाऊंना मी ओळखत नाही, पण ते भले माणूस असतील. भल्या माणसाला समजेल." आईही हेच म्हणाली. मी त्यांच्यावर चिडू शकत नव्हतो, कारण त्या काळात वाद्य हातात घेणं मलाही जड गेलं असतं. पण शब्द दिला होता तो तुम्हाला. आणि तुम्हाला एकदा तरी बाजा ऐकवायची एवढी एकच संधी मला दिसत होती.

मी तुम्हाला टाळू लागलो. तुम्ही पकडलंतच.

"काय रे बीएस्शी, चहाला येत नायस. डाक्टरनं सोडायला सांगितला?"

"तसं नाही."

"मग बाजेवाले नाय म्हनतात."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुज्या तोंडानं. सारखा केटलकडं बघतोस नि माज्याकडं नाय."

मग मी सगळं सांगितलं. तुम्ही गंभीर झालात. मला वाटलं आता रागावणार.

"हे तेवाच नाय सांगता आलं?"

"तेव्हा तुम्ही तारीख सांगितली नव्हती."

"नि तू इचारली नव्हतीस." मग तुम्हाला हसू फुटलं. "माज्या पंचांगात तुजा उपास छापीत नाय, नि तुज्या देवळाच्या कॅलेंडरात माजा मुहूर्त. दोघं शिकलेलं, नि दोघं गाढव."

"मी एकटा येतो, हरिभाऊ. क्लॅरिनेट घेऊन. कोणाला सांगत नाही."

तुमचं हसू तिथे थांबलं. "नको. उपास मोडून वाजवलास तर तो बाजा माज्या पोरीला गोड लागायचा नाय." मग तुम्ही बोटांवर आठवडे मोजलेत. "तुमचा उपास सुटला की मांडवपरतनीला वाजव."

लग्नानंतर मुलगी आणि जावई पहिल्यांदा माहेरी जेवायला येतात ती मांडवपरतणी. ती दोन-चार दिवसांत उरकतात, एवढं मलाही ठाऊक होतं. मी तसं म्हटलं.

"लगीन माज्या पोरीचं, मांडव माज्या दारात. कवा परतायचं ते मी ठरवीन."

वहिनींनी तुम्हाला किती धारेवर धरलं असेल ते मी नंतर ऐकलं. व्याही कुरकुरले. सुनंदा मध्ये दोनदा घरी आली ती ओटीवर चहा पिऊन पाहुण्यासारखी परत गेली, कारण मांडवपरतणी झाली नव्हती. लग्न सनईच्या रेकॉर्डवर झालं. त्या दिवशी मी दोन्ही शिफ्ट केल्या, म्हणजे लग्नालाही मी नव्हतोच. आणि तुमच्या दारातला मांडव तसाच उभा. झावळ्या आधी पिवळ्या पडल्या, मग तांबूस. गावातले विचारायचे, "हरिभाऊ, दुसरी पोरगी हाय काय लग्नाची?" तुम्ही म्हणायचात, "पाहुने यायचे हायेत, ते उपाशी हायेत."

उरला प्रश्न केटलचा. त्या रविवारी आपण दोघंही नसणार, मग तिथे कोण? वर्षातून एकदा केटल रिकामी करून धुवायची असते. ती पावसाळ्याच्या तोंडावर धुवायची पद्धत. तुम्ही शेठना सांगितलंत, या वर्षी ईस्टरनंतरच्या रविवारी धुऊ. शेठ म्हणाले, चालेल, पण शनिवारी माल उतरलाच पाहिजे. तो उतरावा म्हणून तुम्ही सलग दोन्ही शिफ्ट उभे राहिलात, कारण मला बाजाच्या तालमीला जायचं होतं. हे आठवलं की अजून मला अवघडल्यासारखं होतं.

आणि रविवारी आम्ही आलो. टेंपोतून, पोशाख घालून, इनास बाप्पा पुढे बसलेले. तुमच्या दारात त्या वाळक्या मांडवाखाली उभे राहून वाजवलं. ईस्टरनंतर पहिल्यांदा पेट्या उघडल्या होत्या, सगळ्यांचा दम नवा होता. पोरं नाचली, व्याही नाचले, कुरकुरणारे तेच पुढे. वहिनी सुनंदाची ओटी भरत होत्या आणि डोळे पुसत होत्या. तुमच्यासाठी मी अगदी समोर खुर्ची मांडायला लावली होती.

तिसऱ्या गाण्याला मी पाहिलं, तर तुमची मान छातीवर आणि तुम्ही गाढ झोपेत. ढोल तुमच्यापासून हातभर अंतरावर होता.

त्यावरून आपला जो वाद सुरू झाला तो संपलाच नाही. तुम्ही म्हणायचात, "डोले मिटून ऐकत हुतो." मी म्हणायचो, "तुम्ही घोरत होतात." "घोरनं नव्हं, ताल धरला हुता." कारखान्यात नवा माणूस आला की तुम्ही त्याला पंच करायचात, आणि तो बिचारा कोणाची बाजू घ्यावी म्हणून दोघांकडे बघत राहायचा. मी हसायचो. पण आत मला चुटपुट होती. एवढा खटाटोप करून मी तुम्हाला एक झोप दिली होती.

पुढे वर्षं गेली. कारखान्यात दुसरी केटल आली, अदलाबदल तशीच राहिली. मग तुम्ही निवृत्त झालात. शेवटच्या दिवशी तुमच्या जागी आलेल्या कदमला तुम्ही सगळं समजावून दिलंत. कोणता व्हॉल्व्ह गळतो, शेठ कधी येतात, वॉचमनला काय बोलायचं नाही. आणि त्याच आवाजात, कारखान्याचाच नियम असल्यासारखं, म्हणालात, "नाताळ याचा, गनपती तुजे." कदमने मान डोलावली. त्याला वाटलं हे असंच असतं. मी बाहेर जाऊन तोंड धुऊन आलो.

त्या डिसेंबरात मी तुम्हाला पत्र पाठवलं, आणि तुम्ही आलात. वहिनींना घेऊन, इस्त्रीचा सदरा घालून. मिस्सा सुटल्यापासून तुम्ही बाजाबरोबर प्रत्येक आळीत चाललात. मी बसा म्हटलं तर म्हणालात, "बसलो की तू घोरलास म्हनशील." प्रत्येक गाणं संपलं की हात वर करून, "जागा हाय बरं का!" इनास बाप्पा आता वाजवत नाहीत, काठी टेकत पुढे चालतात. त्यांच्याशी तुमची अशी गट्टी जमली की दोघांनी मिळून ट्रम्पेटवाल्याला सुनावलं की तू पुढे पळतोस. एका अंगणात आईने तळलेल्या गरम फुग्या आणल्या, त्या तुम्ही खिशातही भरून घेतल्यात. सदऱ्याला तेलाचा डाग पडला म्हणून वहिनी ओरडल्या. आणि माझ्या वडिलांनी, ज्यांनी पोंगा म्हटलं होतं, तुमच्याजवळ उभं राहून सांगितलं, "हा माझा मुलगा. तो क्लॅरिनेटवाला." तुम्ही म्हणालात, "मला म्हायती हाय, काका. माज्या शिफ्टचा हाय."

त्यानंतर महिनाभरात तुम्ही गेलात. संध्याकाळी ओटीवर बसल्या बसल्या, कोणाला त्रास न देता. सुनंदाने मला सांगितलं की तो सगळा महिना तुम्ही येईल त्याला भुईगावच्या बाजाचं वर्णन करत होतात, कोण नाचलं, ढोलवाला कुठे चुकला, आणि ऐकणारे कंटाळले तरी थांबत नव्हतात. ते ऐकून माझा श्वास मोकळा झाला. माझं वर्णन ऐकणारे तुम्ही, शेवटी तुमच्याकडे तुमचं स्वतःचं वर्णन होतं.

काही राहिलंच. तुमच्या घरचा गणपती मी अजून पाहिलेला नाही. घोरण्याचा वाद तुम्ही अर्धाच सोडून गेलात, आणि आता माझीच बाजू खरी धरावी लागेल याचं मला वाईट वाटतं. लोक गेलेल्या माणसाला उद्देशून लिहितात ते बहुधा सांगायचं राहून गेलं म्हणून. माझं तसं नाही. मला जे सांगायचं होतं ते मी वेळेवर लिहून पोस्टात टाकलं होतं, ते तुम्ही वाचलंत, आणि वाचून आलात. म्हणूनच त्या दिवशी मला झोप लागली असावी. ते पत्रच खाली उतरवतो.

भुईगाव
डिसेंबर

तीर्थस्वरूप हरिभाऊ यांस,
पास्कलचा सादर नमस्कार.

तुमची आणि वहिनींची प्रकृती बरी असेल. इकडे सर्व ठीक. कदम चांगला माणूस आहे, कामाला वाघ आहे, पण चहा कपानेच पितो, त्यामुळे बोलणं लवकर संपतं.

पत्राचं कारण, या वर्षी नाताळला तुम्ही दोघांनी आमच्याकडे यायचं आहे. आता तुम्हाला शिफ्टची सबब सांगता येणार नाही. वसई स्टेशनवरून भुईगावची एसटी मिळते. चर्चच्या स्टॉपवर उतरा आणि लोपीसांचं घर विचारा, नाही विचारलंत तरी ढोलाच्या आवाजावर येऊ शकाल. नाताळ गुरुवारी आहे आणि मार्गशीर्ष चालू आहे, म्हणजे वहिनींचा उपास असेल. आईने साबुदाणा आणून ठेवला आहे आणि वेगळं पातेलंही. आदल्या दिवशीच आलात तर उत्तम. वडिलांनी केळीचा एक घड तुमच्यासाठी उतरवायचा ठेवला आहे.

तुम्ही माझ्यासाठी जे केलंत त्याबद्दल आभार मानले तर तुम्ही टिंगल कराल हे मला माहीत आहे. पण समोर बोलता येत नाही म्हणून लिहितो. मी तुमचा फार आभारी आहे. मला जे आवडतं ते मला सोडावं लागलं नाही. आमच्या गावात माझ्यासारखे शिकलेले पुष्कळ झाले, पण हे सगळ्यांना मिळालं नाही.

आणखी एक. इतकी वर्षं नाताळच्या दिवशी वाजवताना संध्याकाळच्या चहाची वेळ झाली की माझं मन सातिवलीला जायचं. आता हरिभाऊ एकटेच चहा पीत असतील, आता काटा बघायला उठले असतील, असं मनात यायचं. बोटं इकडे आणि मी तिकडे. कोणाच्या लक्षात आलं नाही, पण एकाही नाताळला मी पूर्णपणे सुट्टीवर नव्हतो.

या वर्षी चहाच्या वेळी तुम्ही माझ्यासमोर असाल. तेव्हा नक्की या. मला एक सुट्टी घ्यायची आहे.

आपला,
पास्कल